बायडननी काम केलं, पण लोकांना सांगितलं नाही

आमचा एक मित्र आहे, मूळचा सांगलीचा, इथे ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीत राहतो आणि वीस वर्षं पाईपलाईनच्या धंद्यात आहे. २०२३ मध्ये त्याने घरावर सोलर बसवलं, २८ हजार डॉलर खर्च आला आणि पुढच्या वर्षी टॅक्स भरताना त्यातले ३० टक्के म्हणजे ८,४०० डॉलर त्याचे वाचले. २०२५ च्या जुलैत बातमी आली की ही सवलत २०२५ च्या शेवटी बंद होणार, तेव्हा तो मला फोनवर म्हणाला, "अरे पण ती सूट तर सोलरवाल्याने दिली होती ना, तिचा वॉशिंग्टनशी काय संबंध?" हा माणूस शिकलेला आहे, बातम्या बघतो, दर वेळी मतदान करतो. आणि ८,४०० डॉलर त्याला कुठल्या कायद्याने दिले, कोणी दिले आणि कोणी बंद केले यातलं काहीही त्याला माहीत नव्हतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हा लेख आहे.

बायडन यांच्या कारकिर्दीवर आमच्या इथल्या मराठी घरांमध्ये अजूनही वाद होतात, दिवाळीच्या फराळाला झाला, संक्रांतीला परत झाला. एक गट म्हणतो की क्लायमेटसाठी इतकं काम आजवर कुठल्याच राष्ट्राध्यक्षाने केलं नाही. दुसरा गट म्हणतो की कसलं काम, त्यांच्याच काळात अमेरिकेने इतिहासातलं सगळ्यात जास्त तेल काढलं. गंमत म्हणजे आकडे दोघांचेही बरोबर आहेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सही झालेल्या कायद्यात ऊर्जा आणि हवामानासाठी साधारण ३६९ अब्ज डॉलर होते, एवढी रक्कम त्या आधी कुठल्याही अमेरिकन कायद्यात या कामासाठी नव्हती. आणि २०२३ मध्ये अमेरिकेने दिवसाला सरासरी १ कोटी २९ लाख बॅरल कच्चं तेल काढलं, जगात कुठल्याही देशाने कधीही काढलं नव्हतं इतकं. त्याच वर्षी मार्चमध्ये अलास्कात विलो नावाच्या तेल प्रकल्पाला परवानगी मिळाली, आणि प्रचारात तर हेच गृहस्थ सांगत होते की सरकारी जमिनीवर नवीन ड्रिलिंग होऊ देणार नाही.

पण मला वाटतं दोन्ही गट चुकीच्या मापाने मोजतायत. तेलाचा आकडा बराचसा पश्चिम टेक्सासातल्या पर्मियन भागातल्या खाजगी जमिनींवरून येतो, तिथे राष्ट्राध्यक्षाच्या शब्दाला फार किंमत नाही, भाव चढला की रिग वाढतात आणि पडला की कमी होतात, हे इथल्या कुठल्याही माणसाला विचारा. प्रदूषणाच्या आलेखाचंही तसंच. २००५ मध्ये अमेरिकेची जवळपास निम्मी वीज कोळशावर होती आणि २०२३ मध्ये ती १६ टक्क्यांवर आली, आणि त्यातलं मोठं कारण म्हणजे शेल गॅस, म्हणजे खडक फोडून काढलेला गॅस, स्वस्त झाला. कोळशाची स्टेशनं ओबामांच्या काळात बंद पडली तशी ट्रम्प यांच्या पहिल्या चार वर्षांतही पडतच राहिली, कोळसा वाचवतो असं सांगून निवडून आलेले असूनसुद्धा. मग ते श्रेय कोणाचं धरायचं? आणि ३६९ अब्ज हा आकडासुद्धा आज तसा राहिलेला नाही, कारण त्या कायद्याचा मोठा भाग तीन वर्षांच्या आत कापला गेला.

माझं माप वेगळं आहे. कार्बन डायऑक्साइड हवेत शेकडो वर्षं राहतो. अशा प्रश्नावर राष्ट्राध्यक्षाचं काम त्याने खुर्चीत बसून किती सह्या केल्या यावरून ठरत नाही, तो गेल्यावर त्यातलं काय टिकलं यावरून ठरतं. आणि लोकशाहीत तेच टिकतं ज्याच्यासाठी लोक रस्त्यावर यायला तयार असतात. या मापाने बघितलं तर बायडन कमी पडले, आणि ते कमी का पडले हे नीट समजून घेणं मला फार गरजेचं वाटतं, कारण पुढचा जो कोणी येईल तोही हेच करेल अशी मला भीती आहे.

आधी सह्यांचं बघू. २० जानेवारी २०२१, शपथ घेतली त्याच दिवशी बायडननी हवामानाच्या पॅरिस करारात परत यायच्या कागदावर सही केली आणि कॅनडातून तेल आणणाऱ्या कीस्टोन एक्सएल पाईपलाईनची परवानगी काढून घेतली. बरोब्बर चार वर्षांनी, २० जानेवारी २०२५ ला, ट्रम्प यांनी शपथ घेतली त्याच दिवशी पॅरिसमधून बाहेर पडायच्या कागदावर सही केली. ओबामांनी आत नेलं, ट्रम्पनी बाहेर काढलं, बायडननी आत नेलं, ट्रम्पनी परत बाहेर. ओबामांचा विजेच्या कारखान्यांसाठीचा नियम, २०१५ च्या ऑगस्टमध्ये मोठा गाजावाजा करून आणलेला क्लीन पॉवर प्लॅन, सुप्रीम कोर्टाने २०१६ च्या फेब्रुवारीत थांबवला आणि तो कधी लागूच झाला नाही. २०२२ च्या जूनमध्ये त्याच कोर्टाने वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्यात सांगून टाकलं की देशाची वीज कोळशावरून दुसरीकडे वळवण्याएवढा मोठा निर्णय पर्यावरण खात्याला घ्यायचा असेल तर तसा स्पष्ट अधिकार संसदेने द्यायला हवा. म्हणजे एका सहीने केलेलं दुसऱ्या सहीने जातं आणि नियमाने केलेलं कोर्टात अडकतं. उरतो तो कायदा.

बायडन यांना हे कळत होतं. छत्तीस वर्षं सिनेटमध्ये काढलेला माणूस तो. त्यांनी कायद्याचाच रस्ता धरला आणि तो रस्ता किती अरुंद होता हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्यावर टीका करताना लोक हे विसरतात. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५०. एकाही डेमोक्रॅटने नाही म्हटलं की संपलं. आणि त्या ५० मध्ये जो मॅन्चिन होते, वेस्ट व्हर्जिनिया या कोळशाच्या राज्याचे. मूळ योजनेत वीज कंपन्यांनी दर वर्षी स्वच्छ वीज वाढवली तर पैसे आणि नाही वाढवली तर दंड असा भाग होता, तो मॅन्चिन यांनी २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये काढायला लावला. डिसेंबरमध्ये टीव्हीवर येऊन अख्ख्या बिलालाच नाही म्हणाले. २०२२ च्या जुलैच्या शेवटी अचानक तडजोड झाली. त्यात वीज कंपन्यांना दंड नव्हता, मुख्य भर टॅक्स क्रेडिटवर, म्हणजे करात मिळणाऱ्या सवलतीवर, चांगलं करा आणि पैसे घ्या. शिवाय अशीही अट की समुद्रात पवनचक्क्यांसाठी जागा लिलावात काढायची तर आधीच्या वर्षभरात तेल आणि गॅससाठी ६ कोटी एकर समुद्र लिलावाला ठेवलेला असला पाहिजे. ७ ऑगस्टला मतदान ५०-५० झालं आणि उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांनी आपलं मत टाकून ते ५१-५० केलं.

एवढ्या अरुंद बोळातून एवढं मोठं काम काढणं ही खरी राजकीय कर्तबगारी आहे आणि ते मी मनापासून म्हणतोय.

पण त्या कायद्याचं नाव काय ठेवलं? इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट. महागाई कमी करायचा कायदा! तेव्हा पेट्रोल नुकतंच सरासरी ५ डॉलर गॅलनच्या वर जाऊन आलं होतं, किराणा महागला होता, लोक वैतागलेले होते, मॅन्चिन यांना महागाईचीच काळजी होती, म्हणून हे नाव. संसदेच्याच बजेट ऑफिसने सांगितलं होतं की महागाईवर याचा परिणाम जवळपास काहीच होणार नाही. म्हणजे देशाचा सगळ्यात मोठा हवामानाचा कायदा आला आणि त्याच्या नावात हवामान नाही, ऊर्जा नाही, सूर्य-वारा काही नाही. वर्षभराने, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, खुद्द बायडन एका कार्यक्रमात म्हणाले की ते नाव ठेवलं नसतं तर बरं झालं असतं. त्या उन्हाळ्यातल्या एका सर्व्हेत साधारण ७० टक्के लोकांनी सांगितलं की या कायद्याबद्दल आम्ही थोडंसंच ऐकलंय किंवा काहीच नाही. त्या ७० टक्क्यांत आमचा सांगलीकर मित्र पण आला, आणि त्याच्या तर छतावर तो कायदा बसलेला होता.

आता कोणी म्हणेल की नावात काय आहे, काम झालं ना. मी पण दोन वर्षं असंच म्हणत होतो. डेमोक्रॅट पक्षाचा हिशोब असा होता की पैसे गावागावात पोचले, कारखाने उभे राहिले की कायदा आपोआप सुरक्षित होईल, आपल्याच मतदारांच्या नोकऱ्या कोण घालवेल? आणि कारखाने खरंच उभे राहिले, त्यातले बरेचसे रिपब्लिकन भागांत. जॉर्जियातल्या डाल्टनमध्ये क्यूसेल्स कंपनीचा सोलर पॅनलचा मोठा कारखाना आहे, तो या कायद्यानंतर आणखी वाढवला गेला, आणि तो तेव्हाच्या रिपब्लिकन खासदार मार्जरी टेलर ग्रीन यांच्या मतदारसंघात येत होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये हाऊसमधल्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहातल्या, १८ रिपब्लिकन सदस्यांनी स्पीकरना पत्र लिहिलं की सगळी टॅक्स क्रेडिट्स सरसकट काढू नका, आमच्याकडे गुंतवणूक सुरू झालीये. ते पत्र वाचून मला वाटलं होतं की चला, हिशोब बरोबर निघाला.

२०२५ च्या जुलैत ही क्रेडिट्स कापणारं नवीन बिल आलं तेव्हा त्या पत्रावर सह्या करणाऱ्यांपैकी जे अजून सभागृहात होते त्यातल्या जवळपास सगळ्यांनी त्याच्या बाजूने मत दिलं. डाल्टनच्या खासदारांनीही दिलं. सिनेटमध्ये परत ५०-५० झालं आणि या वेळी उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या मताने ५१-५०. ज्या एका मताने आला त्याच एका मताने गेला. ४ जुलैला सही झाली. इलेक्ट्रिक गाडीवरची ७,५०० डॉलरची सवलत ३० सप्टेंबरला संपली, घरावरच्या सोलरची ३१ डिसेंबरला, मोठ्या सोलर आणि पवनऊर्जेच्या प्रकल्पांना काम सुरू करायला २०२६ च्या ४ जुलैपर्यंतची मुदत, नाहीतर २०२७ संपायच्या आत वीज सुरू झालेली पाहिजे. बॅटऱ्या, अणुऊर्जा, जमिनीतल्या उष्णतेवरची वीज यांची क्रेडिट्स वाचली, ते सांगायला हवं, सगळंच गेलेलं नाही. उभे राहिलेले कारखाने पण कोणी पाडत नाहीये. पण कायद्याचा जो कणा होता, सूर्य, वारा आणि इलेक्ट्रिक गाडी, तो मोडला.

आणि रस्त्यावर कोणी नव्हतं. मला सगळ्यात जास्त हेच लागलं.

कारण याच देशात २०१७ मध्ये मी उलटं चित्र बघितलंय. ओबामांचा आरोग्य विम्याचा कायदा, २०१० च्या मार्चचा, तोही एकाही रिपब्लिकन मताशिवाय झाला होता. विरोधकांनी त्याला चिडवायला म्हणून ओबामाकेअर नाव दिलं आणि ओबामांनी ते नाव स्वीकारलं, हो माझाच आहे म्हणाले. त्याची किंमत मोजावी लागली, २०१० च्या निवडणुकीत डेमोक्रॅट पक्षाच्या हाऊसमधल्या ६३ जागा गेल्या. पण सात वर्षांनी तो रद्द करायची वेळ आली तेव्हा खासदारांच्या सभांमध्ये माणसं उभी राहून आपापल्या आजाराबद्दल बोलत होती, माझ्या मुलाचं औषध यातून येतं, माझ्या बायकोचं ऑपरेशन यातून झालं. २८ जुलै २०१७ च्या रात्री रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली केला आणि ४९-५१ ने रद्द करायचा प्रयत्न फसला. मॅकेन धाडसी होते हे खरंच आहे, पण त्या अंगठ्यामागे कित्येक महिन्यांच्या सभा होत्या. लोकांना त्या कायद्याचं नाव माहीत होतं. आवडो न आवडो, तो काय आहे हे माहीत होतं. सात वर्षं भांडून भांडून माहीत झालं होतं.

हवामानाच्या कायद्यावर असं भांडण झालंच नाही. तो गुपचूप आला आणि गुपचूप गेला असं म्हणणं थोडं जास्त होईल, पेपरात खूप छापून आलं, माझ्यासारखे लोक रोज वाचत होते. पण केटीतल्या, डाल्टनमधल्या माणसाला तो कधी भेटलाच नाही. टॅक्सच्या फॉर्मवरच्या एका ओळीतून भेटला. त्यात कामही हळू चाललेलं. घर गरम-गार ठेवणाऱ्या हीट पंपांसाठी आणि तशा कामांसाठी राज्यांमार्फत द्यायची जी सूट होती ती कायदा झाल्यावर जवळपास दोन वर्षांनी, २०२४ च्या मे महिन्यात, पहिल्यांदा न्यू यॉर्कमध्ये सुरू झाली. हायवेवरच्या चार्जिंग स्टेशनांसाठी २०२१ च्याच कायद्यात पैसे होते आणि २०२४ च्या मार्चपर्यंत त्यातून सुरू झालेली स्टेशनं दोन हातांच्या बोटांवर मोजता आली असती. ज्या गोष्टी लोकांना डोळ्यांनी दिसल्या असत्या त्याच सगळ्यात उशिरा आल्या.

मग निवडणूक आली. २०२४ हे वर्ष तोवरच्या नोंदींतलं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं. सप्टेंबरच्या शेवटी हेलीन वादळाने दक्षिणेकडे दोनशेहून जास्त माणसं मारली, त्यातली बरीच समुद्रापासून लांब डोंगरातल्या गावांमध्ये. आणि त्याच महिन्यातल्या डिबेटमध्ये, हॅरिस, ज्यांच्या एका मतावर हा कायदा उभा होता, त्यांनी त्या मताबद्दल काय सांगितलं? की त्या कायद्यामुळे फ्रॅकिंगच्या नवीन लीज खुल्या झाल्या! मला कळतं की फ्रॅकिंग, म्हणजे खडक फोडून गॅस काढणं, जिथे मोठा धंदा आहे ते पेनसिल्व्हेनिया जिंकायचं होतं. पण विचार करा, आपल्या आयुष्यातलं बहुतेक सगळ्यात मोठं मत जिने टाकलं, ती व्यक्ती त्या मताचं समर्थन त्यातल्या तेलवाल्या कलमावरून करते. ज्यांनी केलं त्यांनाच ते आपलं म्हणवत नव्हतं, मग मतदाराने का म्हणावं.

समोर ट्रम्प उघडपणे सांगत होते, तेल काढणार, पवनचक्क्या मला आवडत नाहीत, पॅरिसमधून बाहेर पडणार. मला त्यांचं धोरण घातक वाटतं, यात माझ्या मनात काही किंतु नाही, जगात आजवर सोडलेल्या कार्बनपैकी साधारण पाव हिस्सा ज्या देशाचा आहे त्याने टेबलावरून उठून जाणं हे अन्यायाचं आहे. पण त्यांनी जे केलं ते आधी सांगून केलं. या प्रश्नावर एक बाजू मोठ्याने बोलत होती आणि दुसरी दबक्या आवाजात, आणि दबक्या आवाजात बोलणाऱ्याचं काहीतरी लपवायचं आहे असं ऐकणाऱ्याला वाटतंच.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं आणि ते वजनदार आहे म्हणून त्याला टाळणार नाही. ते म्हणजे जिमी कार्टर. १९७७ च्या फेब्रुवारीत स्वेटर घालून टीव्हीवर बसले आणि लोकांना म्हणाले की घरातला थर्मोस्टॅट खाली ठेवा. १९७९ च्या जूनमध्ये व्हाईट हाऊसच्या छतावर पाणी तापवायचे ३२ सोलर पॅनल बसवले. पुढच्याच महिन्यात, १५ जुलैला, देशाला सरळ सांगितलं की आपण वस्तू जमवण्यात हरवून गेलोय, थोडा त्याग करायला लागेल. १९८० मध्ये ४४ राज्यं हरले. पॅनल रेगन यांच्या काळात १९८६ मध्ये उतरवले गेले. तर माझे मित्र म्हणतात, बघ, खरं बोलणाऱ्याचं हे होतं, म्हणून बायडननी लपवलं, शहाणपणा केला.

मला हे पटत नाही. एक तर कार्टर हरले त्यामागे इराणमधले ओलीस होते, दोन आकडी महागाई होती, स्वतःच्याच पक्षातून टेड केनेडी उभे राहिले होते, स्वेटरवर सगळं ढकलणं बरोबर नाही. आणि कार्टर यांचं बोलणं मुख्यतः त्यागाचं होतं, कमी वापरा, सोसा. आज तसं बोलायची गरजच राहिलेली नाही. मी टेक्सासात राहतो, जिथे वाऱ्यापासून देशात सगळ्यात जास्त वीज बनते, आणि ती रिपब्लिकन गव्हर्नरांच्या काळात उभी राहिली. १९९९ मध्ये धाकटे बुश गव्हर्नर असताना पहिला कायदा झाला, नंतर पेरी यांच्या काळात पश्चिम टेक्सासातला वारा शहरांपर्यंत आणायला साधारण ३,६०० मैल लाईन टाकली, जवळपास ७ अब्ज डॉलर लागले आणि ते पैसे आम्हा ग्राहकांच्या बिलातून वसूल झाले. कोणी बंड केलं नाही. कारण काय येणार, कुठून येणार, किती लागणार हे उघड होतं आणि लाईनीचे खांब शेतात दिसत होते. शेतकऱ्याला टर्बाईनमागे दर वर्षी भाडं मिळतं, तो कुठल्याही पक्षाचा असो, त्याला माहीत आहे की हे कशामुळे येतंय. आयोवाची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यावर आहे, आणि आयोवा ट्रम्प यांना तीनदा मत दिलेलं राज्य आहे. तेव्हा लोक ऐकून घेत नाहीत हे खरं नाही.

मला इथे दोन गोष्टी वैयक्तिक सांगायच्यात, कारण त्याशिवाय हा विषय माझ्यासाठी इतका का जिव्हाळ्याचा आहे हे कळणार नाही. २०२४ च्या जुलैत बेरिल वादळ आलं तेव्हा ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त जोडण्यांची लाईट गेली. आमची सहा दिवस नव्हती. आई भारतातून आलेली, वय ७८, घरात ३५ डिग्री, मी तिला गाडीत एसी लावून बसवायचो, पेट्रोलपंपावर रांगा. वीज कंपनीचं ॲप पण बंद पडलेलं, कधी येईल सांगायला कोणी नाही. आई म्हणाली, "अरे, गावाकडे लाईट जाते, पण तिथे ओसरी तरी असते." त्यानंतर २०२५ च्या सप्टेंबरात तिकडे गावालाच पाणी आलं. आमचं गाव परांडा तालुक्यात, सीनेच्या काठाला, आणि सीनेला असा पूर येतो हे माझ्या वडिलांनी कधी सांगितल्याचं मला आठवत नाही, तो भाग दुष्काळी म्हणूनच ओळखला जायचा. भावाचं सगळं सोयाबीन गेलं, आणि पिकापेक्षा त्याला माती वाहून गेल्याचं जास्त वाईट वाटत होतं. एकाच पुरावरून हवामान बदल सिद्ध होत नाही, मला माहीत आहे. पण गरम हवेत जास्त पाणी मावतं आणि ते एकदम कोसळतं हे भौतिकशास्त्र आहे, त्यात डावं-उजवं काही नाही. भारतात माणशी साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत त्याच्या सात पट. भावाला अमेरिकेत मत नाही. मला आहे.

म्हणून मी मत मागायला येणाऱ्यांकडून आता काय ऐकू इच्छितो ते सांगतो. हवामान बदल खरा आहे असं म्हणणारा उमेदवार मला पुरेसा नाही, तसे खूप झाले. मला तो असा पाहिजे जो माझ्या सांगलीकर मित्रासमोर बसून सांगेल की तुझी पाईपलाईनची नोकरी दहा-पंधरा वर्षांनी आज आहे तशी राहणार नाही, तुझ्या हातातलं वेल्डिंग आणि प्रेशरचं ज्ञान जमिनीतल्या उष्णतेच्या विहिरींना लागणार आहे, मधल्या काळात तुझा पगार कोण आणि किती दिवस भरेल हे मी कागदावर लिहून देतो. जो पुराच्या विम्याचे हप्ते का वाढतायत हे सांगेल. जो आपल्या बिलाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारेल आणि त्यावर हरला तर हरेल. १९९० मध्ये आम्लपावसावरचा कायदा झाला तेव्हा थोरले बुश राष्ट्राध्यक्ष होते, त्यांनी निवडणुकीत तसं सांगितलेलं होतं, लोकांनी मेलेले तलाव बघितलेले होते, दोन्ही पक्षांची मतं पडली, आणि तो कायदा पस्तीस वर्षं टिकला. नियम कडक होता तरी टिकला.

मॅन्चिन असताना हे नाव टाळता आलं नसतं, हा एक बचाव उरतो. ठीक, मत पडेपर्यंत धरलं. पण १६ ऑगस्ट २०२२ ला सही झाल्यावर मॅन्चिन यांच्या हातात काय होतं? पुढची सव्वादोन वर्षं राष्ट्राध्यक्ष दर आठवड्याला एका गावात जाऊन, एका छताखाली उभं राहून सांगू शकले असते की हे पॅनल या कायद्याने आले आणि उद्या कोणी काढायला आलं तर माझ्याकडे नाही, तुमच्या खासदाराकडे जा. वय झालं होतं, युक्रेनचं युद्ध होतं, गाझा होतं, मान्य. पण मंत्री होते, पक्ष होता, आम्ही होतो. मी स्वतः २०२३ मध्ये एका वीकेंडला इथल्या मराठी मंडळाच्या लोकांना सोलरचं गणित समजावून सांगितलं होतं, पॅनल किती, इन्व्हर्टर कुठला, किती वर्षांत पैसे सुटतात, सगळं. क्रेडिट ३० टक्के मिळतं हेही सांगितलं. ते क्रेडिट २०२२ मध्ये २६ वर आलेलं होतं आणि दोन वर्षांत संपणार होतं, आणि या कायद्याने ते परत ३० करून २०३२ पर्यंत पक्कं केलं, हे मात्र मी सांगितलं नाही. वाटलं, राजकारण कशाला काढा, मंडळात दोन्हीकडचे लोक आहेत.

मित्राने त्या दिवशीच सोलर बसवायचं ठरवलं होतं. परवा त्याला मी हे सगळं सांगितलं, जुना टॅक्सचा फॉर्म काढून ती ओळ दाखवली. तो बराच वेळ बघत बसला. २०२६ च्या नोव्हेंबरमध्ये हाऊसची निवडणूक आहे, आमच्या भागातल्या उमेदवारांची पहिली सभा बहुतेक उन्हाळ्यात लागेल, आम्ही दोघं तो फॉर्म घेऊन जायचं ठरवलंय.